गालाची गाठ आणि चेहऱ्याची नस

रेडिओवर गाठींचा विषय निघाला, की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हटकून येतो. "कानाखालची गाठ काढली की तोंड वाकडं होतं म्हणतात. मग ती काढावी, की राहू द्यावी?" भीतीपोटी काही बाया वर्षानुवर्षं पदराआड गाठ झाकून फिरतात. गाठ वाढत राहते आणि त्यासोबत ऑपरेशनची जोखीमही वाढते. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे. ही भीती कुठून येते, चेहऱ्याची नस वाचवायला डॉक्टर काय काय करतात, आणि त्या पद्धतींमध्ये फरक काय, हे आपण समजून घेऊ.

लाळ कुठून येते, नस कुठून जाते

चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. हे पाणी लाळेच्या ग्रंथींमधून येतं. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत: एक कानाच्या पुढे आणि खाली, दुसरी खालच्या जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. यातली सगळ्यात मोठी कानाजवळची. डॉक्टर तिला पॅरोटिड म्हणतात. तिची नळी गालातून तोंडात उघडते. जिभेचं टोक गालाच्या आतून वरच्या दाढांसमोर फिरवलं, तर बारीकसा उंचवटा लागतो. तेच त्या नळीचं तोंड.

आता नसेकडे येऊ. रक्ताच्या शिरेलाही आपण नस म्हणतो, पण इथे आपण बोलतोय ती मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणारी नस. कानामागच्या हाडातल्या छोट्या भोकातून ती बाहेर येते, कानाजवळच्या ग्रंथीत शिरते आणि आतच तिला फांद्या फुटतात. मुख्य फांद्या पाच. एक कपाळाकडे जाते, तिच्यामुळे भुवई वर होते. दुसरीमुळे डोळा मिटतो. तिसरी गालाला आणि वरच्या ओठाला हलवते. चुलीत फुंकर घालताना तीच कामी येते. चौथीमुळे खालच्या ओठाचा कोपरा खाली ओढला जातो. पाचवी मानेकडे उतरते. हसणं, रडणं, रुसणं, सगळं या एका नसेच्या जिवावर चालतं.

अडचण इथेच आहे. ही नस ग्रंथीच्या पोटातून जाते. भाकरीचा वरचा पापुद्रा आणि खालचा भाग यांच्या मधून दोरा गेलेला असावा, तशी. बहुतेक गाठी वरच्या पापुद्र्यात असतात, काही खालच्या भागात. गाठ काढायची तर त्या दोऱ्याच्या आसपास हात घालावाच लागतो. लोक म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे. पण हात घालावा लागतो याचा अर्थ नस तुटतेच, असा मात्र नाही.

गालगुंड की गाठ?

कानाखाली फुगलं की आपण पहिल्यांदा गालगुंड म्हणतो. गालगुंडात ताप येतो, चावताना दुखतं, बहुतेक वेळा दोन्ही बाजू सुजतात, आणि आठ-दहा दिवसांत ते ओसरतं. जेवताना फुगून नंतर उतरणारी सूज बहुधा नळीत खडा अडकल्याची असते. ती जास्त करून जबड्याखालच्या ग्रंथीत दिसते.

गाठ वेगळी. ती एकाच बाजूला येते, बहुधा दुखत नाही, आणि महिन्यामहिन्यांनी हळूहळू मोठी होते. दुखत नाही म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कानाजवळच्या ग्रंथीतल्या दर १० गाठींपैकी साधारण ८ कर्करोगाच्या नसतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र कर्करोगाचं प्रमाण जास्त, जवळजवळ निम्म्यापर्यंत असतं.

मग साधी गाठ असली तर राहू द्यायला काय हरकत? हरकत आहे. या ग्रंथीत सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ वर्षानुवर्षं ठेवली, तर तिचा कर्करोग होऊ शकतो. पहिल्या पाच वर्षांत ही शक्यता शेकडा दीडच्या आसपास सांगतात. पंधरा वर्षांनंतर ती शेकडा साडेनऊपर्यंत जाते. शिवाय गाठ जितकी मोठी, तितकी नस ताणली जाते, बाजूला सरकते आणि शोधायला अवघड होते. म्हणजे नसेला जपायचं म्हणून ऑपरेशन टाळलं, तर त्याच नसेचा धोका वाढतो.

गाठ वेगाने वाढली, दुखू लागली, घट्ट होऊन हलेनाशी झाली, किंवा ऑपरेशनच्या आधीच त्या बाजूचा डोळा नीट मिटेना वा ओठ लोंबू लागला, तर एक दिवसही थांबू नका. ही कर्करोगाची खूण असू शकते.

तपासणीत आधी सोनोग्राफी आणि बारीक सुईने पाणी काढून तपासणी करतात. गाठ खोलवर असेल किंवा शंका असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात. "सुई टोचली की गाठ पसरते" ही समजूत मनातून काढून टाका. ही सुई फार बारीक असते. पण गावात कुणी गाठीला चिरा द्यायला निघालं, तर ठाम नाही म्हणा. चिऱ्यामुळे गाठीचे कण आजूबाजूला सांडू शकतात आणि नसेलाही इजा होऊ शकते. बिब्बा लावणं, डागणं हेही नको. त्याने कातडी खराब होते, गाठ तशीच राहते.

नस वाचवायच्या पद्धती

आपल्याकडे कितीतरी वावरांत ठिबक आहे. समजा, वावरात मातीखाली ठिबकच्या नळ्या गाडल्या आहेत आणि त्यांच्या मध्येच एक जुनं खुंट काढायचं आहे. शहाणा कास्तकार कुदळ घेऊन थेट खुंटावर तुटून पडत नाही. आधी नळी कुठून जाते ते शोधतो. सर्जनही तेच करतात. फरक पडतो तो सुरुवात कुठून करायची, किती माती काढायची आणि हाताशी कोणतं यंत्र घ्यायचं, यात.

*पहिली पद्धत: मुख्य नळीपासून फांद्यांकडे.* ही सगळ्यात जास्त वापरली जाते. कानापुढून, पाळीखालून मानेपर्यंत वळणदार चीर देतात. मग नस हाडातून बाहेर येते तिथे तिचं खोड शोधतात. शोधायला ठरलेल्या खुणा आहेत. कानाच्या भोकापुढे जे मऊ हाड आहे, त्याचं आतलं टोक नसेकडे बोट दाखवतं. तिथून साधारण एक सेंटिमीटर खाली आणि खोल नस मिळते. कानामागच्या हाडाचा सांधा आणि मानेतला एक ठरावीक स्नायू याही खुणा. एका खुणेवर विसंबत नाहीत, दोन-तीन ताडून पाहतात. खोड दिसलं, की एकेका फांदीच्या मागे जात वरचा पापुद्रा गाठीसकट उचलतात.

*दुसरी पद्धत: फांदीपासून उलटं.* गाठ मोठी असेल आणि नेमकी खोडावरच बसली असेल, किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे तिथे सगळं चिकटलेलं असेल, तर खोड दिसत नाही. तेव्हा डॉक्टर गालाकडची किंवा जबड्याकडची एखादी फांदी आधी शोधतात आणि तिच्या मागोमाग खोडाकडे येतात. ठिबकची एखादी बारीक नळी हातात धरून मुख्य नळीपर्यंत जावं, तसं. यात निरोगी ग्रंथी काही वेळा कमी काढावी लागते. पण फांद्या बारीक असतात, म्हणून हात फार सावध लागतो.

*तिसरा फरक: किती काढायचं.* जुन्या काळी गाठीचं कवच फोडून आतला गर तेवढा काढत. नसेला हात लागत नसे, म्हणून ते सोपं वाटे. पण कवचाला चिकटलेले कण मागे राहत आणि शेकडा २० ते ४५ जणांना गाठ पुन्हा येई. पुन्हा आलेली गाठ एक नसते, मोत्यांसारख्या अनेक असतात, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नसेचा धोका कितीतरी वाढतो. म्हणून ती पद्धत मागे पडली. त्याऐवजी नस उघडी करून वरचा पूर्ण पापुद्रा काढू लागले. त्यात गाठ परत येण्याचं प्रमाण शेकडा ५ पेक्षाही खाली आलं.

आता आणखी एक पद्धत आहे. गाठ लहान, साधी, हलणारी आणि वरवर असेल, तर कवच न फोडता, भोवतीचा निरोगी पेशींचा पातळ थर ठेवून तेवढीच गाठ काढतात. यात खोड शोधत बसत नाहीत, पण वाटेत नस आली तर ओळखून बाजूला करतात. निवडक रुग्णांत यामुळे ऑपरेशननंतरचा तात्पुरता दुबळेपणा कमी दिसला आहे, आणि गाठ परत येण्याचं प्रमाणही वाढलेलं नाही. मात्र "निवडक" हा शब्द विसरू नका. मोठ्या, खोल किंवा कर्करोगाच्या गाठीला ही पद्धत चालत नाही. आणि नस शोधायची सवय असलेल्या सर्जनच्याच हातात ती शोभते.

*चौथी गोष्ट: नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र.* डोळ्याच्या आणि ओठाच्या स्नायूंत बारीक सुया बसवतात आणि त्या यंत्राला जोडतात. अवजार नसेच्या जवळ गेलं, नस ताणली गेली, की स्नायू किंचित हलतो आणि यंत्र आवाज देतं. डॉक्टर स्वतःही सौम्य विजेची कांडी लावून "ही नसच आहे ना" हे पडताळू शकतात. त्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्नायू सैल करणारं, बराच काळ टिकणारं औषध देऊन चालत नाही, नाहीतर यंत्र मुकं होतं. याशिवाय भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप असतो. त्यातून बारीक फांद्या मोठ्या दिसतात.

*जबड्याखालच्या ग्रंथीचं ऑपरेशन* असेल तर धोका खालच्या ओठाच्या फांदीला असतो. ती जबड्याच्या कडेजवळून जाते. म्हणून चीर कडेपासून दोन बोटं खाली देतात. तिथून एक रक्ताची शीर जाते. ती खालच्या बाजूला बांधून तोडतात आणि तिचं टोक वर उलटवतात. नस तिच्या वरून जाते, म्हणून शिरेसोबत ती आपोआप वर उचलली जाते आणि आडोशाला राहते. हेज मार्टिन या अमेरिकन सर्जनच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते.

मग सगळ्यात चांगली कोणती?

खोडापासून जा की फांदीपासून, कायमच्या दुबळेपणात ठळक फरक आढळलेला नाही. गाठ कुठे आहे आणि डॉक्टरांचा हात कशावर बसला आहे, यावर निवड ठरते.

यंत्राबद्दल २०१५ साली सात अभ्यासांतल्या ५४६ रुग्णांची एकत्र पडताळणी प्रसिद्ध झाली. यंत्र वापरलं तिथे ऑपरेशननंतर लगेच दिसणारा दुबळेपणा शेकडा २३ जणांत होता. वापरलं नाही तिथे शेकडा ३५ जणांत. कायमचा दुबळेपणा यंत्रासह शेकडा ४ आणि यंत्राविना शेकडा ७ होता. पण हा शेवटचा फरक इतका थोडा आहे, की तो योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे यंत्र मदत करतं, पण ते डॉक्टरांच्या हाताची आणि डोळ्यांची जागा घेत नाही. यंत्र नाही म्हणून चांगल्या सर्जनकडे पाठ फिरवायची गरज नाही. आणि यंत्र आहे एवढ्यावरच निर्धास्त होऊ नका. दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल किंवा गाठ मोठी असेल, तेव्हा मात्र यंत्र असलेलं रुग्णालय शोधणं शहाणपणाचं.

या सगळ्यांतून एकच धागा निघतो. नस आधी ओळखायची आणि डोळ्यांसमोर ठेवून काम करायचं. जी नस दिसते, ती वाचवता येते.

गाठ कर्करोगाची असली तरी नस नीट काम करत असेल आणि गाठ तिच्यात शिरलेली नसेल, तर डॉक्टर ती राखायचा प्रयत्न करतात. शिरलेली असेल तर तेवढा तुकडा जीव वाचवण्यासाठी काढावा लागतो. त्याच वेळी मानेतली किंवा पायातली स्पर्शाची नस घेऊन तिथे जोड देता येतो.

ऑपरेशननंतर

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर सांगतात: भुवया वर करा, डोळे मिटा, दात दाखवा. थोडा दुबळेपणा दिसला तरी धीर सोडू नका. तुटलेली नस वेगळी आणि ताणामुळे दमलेली नस वेगळी. दमलेली नस बहुधा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कामाला लागते. तोवर डोळ्याला जपा. डोळा पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला, रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवा. कापूस वेचताना, मळणीच्या धुळीत, चुलीच्या धुरात चष्मा लावा. आरशासमोर बसून चेहऱ्याचे व्यायाम डॉक्टर शिकवतील तसे करा.

कानाची पाळी बधिर राहू शकते. तिथली स्पर्शाची नस वेगळी आहे. कानातलं घालताना आरशात पाहून घाला, टोचलं तरी कळत नाही.

काही महिन्यांनी जेवताना त्या गालाला घाम येऊ लागला तर घाबरू नका. लाळेकडे जाणारे बारीक तंतू चुकून घामाच्या ग्रंथींना जुळतात, म्हणून हे होतं. १९२३ साली पोलंडच्या डॉक्टर लुत्सिया फ्रे यांनी याचं सविस्तर वर्णन केलं आणि आज जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. डोक्याच्या नसांचा अभ्यास करणाऱ्या बाया तेव्हा फार थोड्या होत्या. त्या ज्यू होत्या. १९४२ साली नाझींच्या छळात त्यांचा जीव गेला. घामाचा त्रास जास्त असेल तर त्यावर इंजेक्शनचा उपाय आहे.

जायचं कुठे, खर्चाचं काय

आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांसोबत त्याचं उद्घाटन झालं. अकोल्याचं शासकीय महाविद्यालय आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्या बायांना छत्रपती संभाजीनगरची घाटी जवळ. कर्करोगाची शंका असेल तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा मेमोरियल. टाटा १९४१ पासून चालू आहे, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव इथून मुंबईची रेल्वे मिळते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतला जोडलेली आहे आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत उतरवून घ्या. विचारायला लाजू नका. चेहरा तुमचा आहे.

१. गाठ वरच्या भागात आहे की खोल? सुईच्या तपासणीत काय आलं?
२. तुम्ही गाठ किती भागासह काढणार? गर तेवढाच तर काढणार नाही ना?
३. नस तुम्ही कुठून शोधणार? अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?
४. नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र आहे का? माझ्या गाठीला ते लागेल का?
५. दुबळेपणा आला तर डोळ्याची काळजी आणि व्यायाम कोण शिकवेल?
६. काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना? अहवाल कधी मिळेल?

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या कानाखाली आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोटं फिरवून पाहा. एका बाजूला वेगळं काही लागलं, तर ती मैत्रीण एकटीने जाणार नाही, गटातली एक जण तिच्यासोबत जाईल, हेही त्याच बैठकीत ठरवा. भाड्याला पैसे कमी पडत असतील, तर गटाच्या बचतीतून कर्ज देता येतं. गाठ सुपारीएवढी असताना नस सहज सापडते. लिंबाएवढी झाल्यावर ती शोधावी लागते. तेव्हा सोयाबीनची काढणी होऊ द्या, पोरीचं लग्न होऊ द्या, असं म्हणत गाठ मागे ठेवू नका.